खिडकीच्या खोलीतून आलेलं उत्तर

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या घरात हे वाक्य कोणी ऐकलं तर पोट धरून हसतील. कारण मी थापाडी म्हातारी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मी एकदा चोराला गप्पांत गुंगवून त्याच्याकडूनच भांडी घासून घेतली, असं सांगते. एकदा वाघाने मला वाट दिली, असंही सांगते. नातवंडं लहान होती तोवर ऐकायची. आता म्हणतात, "आजी, वाघ मागच्या वेळी लांडगा होता."

पण माझ्या थापा नीट आठवून बघा. प्रत्येकीत मी शूर असते, हुशार असते.

या गोष्टीत मी वाईट आहे.

थापच मारायची असती तर अशी कशाला मारली असती?

नात टाइप करून देतेय. तिला सांगितलंय, मध्ये बोलायचं नाही.

भुताच्या गोष्टीला तुम्हा लोकांना रात्र लागते, पण माझ्याकडे रात्र नाही. दुपार आहे. महिन्याची एकवीस तारीख, तीन वाजून दहा मिनिटं. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या आणि मध्ये सामायिक स्वयंपाकघर. आम्ही दोघी विद्यार्थिनी तिथे भाड्याने राहायचो.

मी शिक्षिका होण्यासाठी शिकत होते. दुसरी मुलगी इमारतींचे नकाशे काढायला शिकत होती. ती इतकी बारीक, आणि कागद बोर्डावर लावायला ओठांत कायम टाचण्या धरलेल्या. म्हणून मी तिला टाचणी म्हणायचे. ती मला रेडिओ म्हणायची. का, ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

टाचणीच्या खोलीला मोठी खिडकी होती. तिथे तिचं टेबल, टेबलावर ड्रॉइंग बोर्ड, बोर्डावर ती टी-स्क्वेअर नावाची लांब पट्टी. दुपारभर एकच आवाज यायचा.

सर्र... टक.

पट्टी सरकली, कडेला टेकली. पुन्हा सर्र... टक.

माझी खोली मागच्या बाजूला. तिला खिडकी होती, पण समोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. दुपारी बारालाही दिवा लावावा लागायचा. कपडे तीन दिवस वाळायचे नाहीत, आणि वाळले की कुबट वास यायचा. मला त्या खिडकीच्या खोलीचा हेवा वाटायचा. पोटात दुखायचं म्हणा ना.

तिथला करार वर्षाचा. दरवर्षी त्याच महिन्याच्या एकवीस तारखेला तो वाढवायचा, आणि एक तारखेपासून नवं वर्ष सुरू. मालक कधी दिसायचे नाहीत. सगळं मॅनेजरकाका बघायचे. गोल, घामाघूम माणूस, काखेत कायम वही.

त्यांची एक पद्धत होती. करार वाढवायच्या दिवशी ते प्रत्येक खोलीच्या दारात उभे राहायचे आणि वहीतली यादी मोठ्याने वाचायचे. शाळेत हजेरी घेतात तशी.

"पलंग?"

"आहे."

"दिवा?"

"आहे."

"खिडकीची कडी?"

"आहे."

त्या खोलीत राहणारीने उत्तर द्यायचं, ते खूण करायचे. यादीत सगळ्यात शेवटी एकच शब्द असायचा. "राहणारी?" त्यालाही "आहे" म्हणायचं. मग खोली आणखी एक वर्ष तुमची. सोडून जायचं असेल तर "नाही" म्हणायचं, ते काट मारायचे. सही वगैरे नंतर व्हायची. काका म्हणायचे, "कागद खोटं बोलतो गं. दारात उभा राहून माणूस सहसा बोलत नाही."

त्या वर्षी टाचणीची आई आजारी पडली. टाचणी दीड महिन्यासाठी गावी गेली. तिची शेवटची परीक्षा तोंडावर होती, तरी गेली. अठरा तारखेला तिचं पत्र आलं.

"रेडिओ, यादीच्या दिवशी माझ्या वतीने तू 'आहे' म्हण. सही केलेला फॉर्म सोबत पाठवतेय, काकांना दे. परीक्षेच्या नकाशांना उजेड लागतो, दुसरं काही नको. एक तारखेला येते. आई बरी आहे."

फॉर्म मी दोनदा वाचला.

मग फाडला.

एकदम नाही. आधी उभा, मग आडवा. नीट, चौकोनी तुकडे. नंतर ते चुलीत घातले आणि वर चहाचं आधण ठेवलं.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही, आणि त्याला मी वाघाचं सांगितलं होतं.

मनाशी काय म्हटलं, तेही सांगते. म्हटलं, तिची आई आजारी आहे, ती कशाला येतेय. म्हटलं, आली तर घेईल मागची खोली. जशी काही मी तिच्यावर उपकारच करत होते.

एकवीस तारखेला तीन वाजता मॅनेजरकाका आले. घाम पुसला, पाणी प्यायले.

"ती काडी कुठेय?"

"ती सोडून गेली, काका. आई आजारी आहे. आता नाही येणार."

"मला काही कळवलं नाही ते."

"मला सांगून गेली ना."

किती सहज बोलले. जीभ जराही अडखळली नाही.

"अरेरे," ते म्हणाले. "गुणी पोर होती. मग तू काय करतेस?"

"मी खिडकीच्या खोलीत जाते. मागची दुसऱ्या कोणाला द्या."

"बरं. आधी मागची वाचू."

माझ्या खोलीच्या दारात आम्ही उभे राहिलो. पलंग आहे, दिवा आहे, कडी आहे.

"राहणारी?"

"नाही," मी म्हणाले. कारण मी ती खोली सोडत होते ना.

त्यांनी काट मारली.

मग खिडकीची खोली. तिचं सामान मी आदल्या दिवशीच दोन खोक्यांत भरून जिन्याखाली ठेवलं होतं. बोर्डसुद्धा. खोली मोकळी होती. उन्हाचा एक मोठा चौकोन टेबलावर पडला होता.

"पलंग?"

"आहे."

"टेबल?"

"आहे."

"राहणारी?"

मी तोंड उघडलं...

"आहे."

आवाज माझ्या तोंडातून आला नव्हता.

आवाज आतून आला होता. टेबलाच्या बाजूने. हळू, आणि जरासा बोबडा... ओठांत काहीतरी धरून बोलावं तसा.

काकांनी वहीत खूण केली आणि वही मिटली.

"काका, आत्ता कोण बोललं?"

त्यांनी वही काखेत घातली. "तूच ना?"

मी आत बघितलं. ऊन. टेबल. बाकी कोणी नाही.

तेव्हा मी "नाही, मी नव्हते" म्हणाले असते, तर पुढचं काही झालं नसतं. पण तसं म्हणायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. फॉर्म, चूल, चहा.

"हो," मी म्हणाले. "मीच."

काकांनी सही घेतली आणि ते निघून गेले.

त्याच संध्याकाळी मी त्या खोलीतला पलंग ओढत खिडकीपाशी आणला. टेबल कोपऱ्यात ढकललं. सकाळी तोंडावर ऊन आलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मी स्वतःलाच म्हटलं, बघ, उगाच घाबरलीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी वाचत बसले होते.

सर्र... टक.

मी पुस्तक खाली ठेवलं.

शांत.

मग पुन्हा... सर्र... टक.

बोर्ड खाली जिन्याखाली होता. मीच बांधून ठेवला होता. मी धावत खाली गेले. खोकं जसंच्या तसं, दोरीची गाठसुद्धा माझीच.

वर आले तर टेबल खिडकीपाशी होतं. आणि माझा पलंग कोपऱ्यात.

मी तो पुन्हा ओढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाच दिवस आमची ओढाओढ चालली होती, तिची आणि माझी. सहाव्या दिवशी मी नाद सोडला आणि कोपऱ्यात झोपायला लागले. उन्हाच्या खोलीत, पण सावलीत.

आवाजाची मला तेवढी भीती वाटत नव्हती. खरं सांगते. आवाज ओळखीचा होता.

भीती वाटायला लागली ती दुसऱ्याच गोष्टीची.

आमच्या बरोबर खाली शिवणवाल्या मावशी राहायच्या. दिवसभर मशीन चालवायच्या, आणि वर जरा खुट्ट झालं की छताला काठीने ठोकायच्या. माझ्यावर त्यांचा विशेष राग. मी चालते धपधप, बोलते मोठ्याने, गाते तर विचारूच नका. आठवड्यातून दोनदा तरी काठी ठरलेली.

त्या दिवसांत काठी एकदाही वाजली नव्हती.

सत्तावीस तारखेला जिन्यात मावशी भेटल्या. मला बघून दचकल्याच.

"अगंबाई. तू इकडे कुठे?"

"कुठे म्हणजे? घरी चाललेय."

"तू सोडलीस ना खोली?"

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं. आठवडा झाला, वर कशी शांतता आहे. माझा एक ब्लाउज बिघडला नाही या आठवड्यात." त्या हसल्या. "ती नकाशेवाली तेवढी आहे. तिची ती पट्टी सरकते, बाकी काही नाही. गुणी मुलगी."

"मावशी, ती गावी गेलीय. वर मी एकटी आहे."

"चल, थापाडे."

तेव्हासुद्धा माझी ख्याती तीच होती.

"थांबा," मी म्हणाले. "तुम्ही आत जाऊन बसा. मी वर जाऊन उड्या मारते. ऐका."

मी वर गेले. चप्पल काढली नाही, मुद्दाम. त्यांच्या मशीनच्या बरोबर वर उभी राहिले आणि दहा उड्या मारल्या. हातातला डबा आपटला. वर गाणंही म्हटलं.

खाली आले. मावशी सुईत दोरा ओवत होत्या.

"ऐकलंत?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"काय गं? अजून गेली नाहीस वर?"

मी जिन्यातच बसले. मावशींनी पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. हात लागला. म्हणजे मी होते. खाली होते.

वरच नव्हते. मागच्या खोलीत 'नाही' मीच म्हटलं होतं, आणि खिडकीच्या खोलीतलं 'आहे' माझं नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, त्याच दिवशी काकांकडे जाऊन सगळं का नाही सांगितलं? चार दिवस हातात होते. मी निघालेही होते. ऑफिसच्या दारापर्यंत गेले. काचेतून काका दिसत होते, डबा खात होते. मी मनात वाक्य जुळवलं, "काका, मी फॉर्म जाळला." वाक्य एवढंसं. पण मग ते माझ्याकडे कसं बघतील, ते मला आधीच दिसायला लागलं. आणि टाचणी कसं बघेल, आणि कॉलेजात कोण कोण काय म्हणेल.

मी परत फिरले.

भुतापेक्षा मला त्यांच्या तोंडाची भीती जास्त वाटली. ही लाज मी आजही गिळतेय, गिळली जात नाही.

एक तारीख उजाडली.

दुपारी तीन वाजता बेल वाजली. मी दार उघडलं आणि मधोमध उभी राहिले.

टाचणी होती. हातात बॅग, डोळ्यांखाली काळं, आणखीच बारीक झालेली.

"रेडिओ," ती म्हणाली, "आई वाचली."

मला तिला आत घ्यायचं होतं. देवाशपथ घ्यायचं होतं. पण तोंडातून निघालं ते असं...

"काकांनी तुझा फॉर्म मानला नाही गं. मी खूप सांगितलं. खोली दुसऱ्याच्या नावावर गेली."

तिने माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. गोंधळली.

"पण मी 'आहे' म्हटलं होतं."

"काय?"

"एकवीसला. दुपारी. आईच्या उशाशी माझा डोळा लागला होता. स्वप्नात काका यादी वाचत होते, आणि तू काही बोलेचनास. म्हणून मीच म्हटलं. इतक्या मोठ्याने म्हटलं की आई जागी झाली."

तरी मी दारातून हलले नाही. दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिले.

तेवढ्यात माझ्या मागे, खोलीत...

सर्र... टक.

मी मागे वळून बघितलं. खोली रिकामी. फक्त ऊन.

पुन्हा समोर बघितलं.

दारात कोणी नव्हतं.

बॅग नाही, ती नाही. जिन्यात पावलं नाहीत. मी कठड्यावरून वाकून बघितलं, तीन मजले खालपर्यंत. कोणी उतरत नव्हतं.

मी त्याच दुपारी ट्रंक भरली आणि लांबच्या एका आत्याकडे राहायला गेले. जाताना खोकी बघायला जिन्याखाली गेले, तर जागा रिकामी. किल्ली काकांच्या ऑफिसात टेबलावर ठेवली. काका समोरच होते. त्यांनी वर बघितलंच नाही. पुढे टाचणीची चौकशी करावी, असं खूपदा वाटलं. केली नाही. कोणी सांगितलं असतं की तिचं शिक्षण सुटलं, तर मी काय केलं असतं?

त्यानंतर एकेचाळीस वर्षं गेली.

लग्न, मुलं, शाळेतली नोकरी, नातवंडं. मोठ्या मुलाने घर बांधायला काढलं. त्याने नकाशा आणून माझ्यापुढे पसरला आणि विचारलं, देवघर कुठे हवं. मी कुठलं देवघर बघतेय. माझी नजर कागदाच्या कोपऱ्यात गेली. तिथे नकाशा काढणारीचं नाव होतं. तिचंच. आणि पत्ता.

म्हणजे ती शिकली होती.

कशी शिकली, कुठे राहून शिकली, मला काही कळेना. पण म्हटलं, आता पुरे. आता माफी मागायची. मुलाला सांगितलं, दवाखान्यात जाऊन येते. रिक्षात बसून तेच वाक्य घोकत गेले. मी फॉर्म जाळला. मी फॉर्म जाळला. रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

दार तिनेच उघडलं. केस पांढरे, बाकी तशीच काडी.

"कोण पाहिजे आपल्याला?"

तिने ओळखलं नाही. ओळख न दाखवणं वेगळं असतं, ते कळतं. हिच्या डोळ्यांत मी खरंच कुठे नव्हते.

"तुम्ही शिकत असताना तिसऱ्या मजल्यावर राहायचात ना," मी म्हणाले. "शिवणवाल्या मावशींच्या वर."

"अय्या, हो. तुम्हाला कसं माहीत?"

तेव्हा सांगायचं होतं. तेव्हाच. पण मी काय म्हणाले?

"मी मावशींकडे कपडे शिवायला टाकायचे."

एकेचाळीस वर्षांनी, म्हातारपणी, पुन्हा खोटं.

तिने आग्रहाने आत बसवलं, चहा केला. खूप आनंदाने बोलत होती. त्या घरात ती एकूण पाच वर्षं राहिली. परीक्षेचे सगळे नकाशे तिथेच काढले, त्या खिडकीपाशी. पहिली आली.

"आणि मागच्या खोलीत कोण असायचं?" मी विचारलं.

"कोणी नाही हो. रिकामीच होती ती, अंधारी. मी एकटीच राहायचे."

"आधीपासून?"

"आधीपासून."

मी चहाचा एक घोट घेतला.

"पण मजेशीर घर होतं," ती हसून म्हणाली. "आई आजारी होती तेव्हा मी महिना-दीड महिना गावी होते. परत आले ती एक तारीख होती, चांगलं आठवतंय. दार सताड उघडं. मला वाटलं चोरीच झाली. आत जायला लागले तर... कसं सांगू. दारात कोणीतरी आडवं उभं आहे, असं वाटलं. दिसत काही नव्हतं. पण सरळ आत जाता येईना. मग मी बॅग पोटाशी धरली आणि अशी तिरकी होऊन, अंग चोरून आत शिरले. स्वतःच्याच घरात. वेड्यासारखं हसूही आलं."

तिने खुर्चीत बसल्या बसल्या अंग चोरून दाखवलं.

मी हसले. हसावंच लागलं.

तिचं काहीच बिघडलं नव्हतं. खोली मिळाली, उजेड मिळाला, परीक्षा झाली, आई जगली. मग मी माफी मागायची कशाची? आणि मागणार कोण? तिच्या हिशेबी मी तिथे कधी नव्हतेच. दोन वर्षं एका स्वयंपाकघरात जेवलो, एकमेकींचे केस विंचरले, आजारपणं काढली. त्यातलं तिच्याकडे एवढंच उरलं होतं. दारात काहीतरी आडवं होतं.

"बराय," म्हणून मी उठले.

ती दारापर्यंत सोडायला आली. दरवाजा उघडायला ती पुढे झाली, तशी मी एकदम बाजूला सरकले. भिंतीला पाठ लावून, पाय जुळवून उभी राहिले.

"अहो, या ना," ती म्हणाली. "भरपूर जागा आहे."

मी तरी तशीच उभी राहिले.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मी पुन्हा गेले नाही. मी त्या घरात राहिले होते की नाही, हे विचारायला आता ना काका आहेत, ना मावशी. कधीकधी मलाच वाटतं की हीसुद्धा माझीच एखादी थाप असेल, सांगून सांगून खरी वाटायला लागलेली. पण ही मी कधी कोणाला सांगितलीच नव्हती.

मी अजूनही कुठल्याच दारात मधोमध उभी राहत नाही. मागून कोणी येत नसलं तरी बाजूला होते, वाट देते, आणि जरा थांबते... कोणीतरी आत जाईपर्यंत.

घरातले हसतात. मी हसू देते.